वाघमारे सरांचे दत्तक शब्द

आमच्या वर्गात प्रत्येकाकडे एकेक मेलेला इंग्रजी शब्द होता. हसू नका. ज्यांना जिवंत इंग्रजी धड येत नव्हतं, ‘आय गोज टू स्कूल’ म्हणताना ज्यांची जीभ जराही अडखळत नव्हती, अशी लोणावळ्यातल्या मराठी शाळेची आम्ही नववीची पोरं. आणि आमच्याकडचे शब्द असे, की खुद्द इंग्लंडात शंभर-दोनशे वर्षांत ते कुणी तोंडातून काढले नसतील. ही सगळी करणी वाघमारे सरांची.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. जे काही इंग्रजी मला येतं ते त्यांच्यामुळे, आणि शिकवताना चुकलं तर काय करायचं असतं, तेही त्यांच्याकडूनच कळलं. पण ते फार उशिरा.

सर उंचीला बेताचे, अंगानं किडकिडीत. शर्ट नेहमी पांढरा. खडूला खालून कागदाची गुंडाळी, कारण हात पांढरे झालेले त्यांना खपत नसत. दर गुरुवारी वर्गात आले की आधी फळ्याचा उजवा कोपरा ओल्या फडक्यानं पुसायचे, तो वाळेपर्यंत थांबायचे आणि मग तिथे एक शब्द लिहायचे. अक्षर असं, की शनिवारी वर्ग झाडणारे शिपाईकाकासुद्धा तेवढा कोपरा सोडून फळा पुसत.

“आजचा मयत,” सर म्हणायचे. “याला इंग्रजांनी टाकून दिलाय. कोण सांभाळणार?”

मग अर्थ सांगायचे आणि वर्गावर नजर फिरवून तो शब्द ज्याला शोभेल त्याच्या पदरात घालायचे. एकदा मिळाला की जन्मभराचा. परत करायचा नाही, बदलून मागायचा नाही. वर्षभरात कधीही, कुठेही, अगदी भाजी मंडईत आईसोबत असताना गाठलं तरी सर विचारणार, “काय रे, तुझा कसा आहे?” आपण शब्द म्हणून अर्थ सांगायचा. बरोबर आला की सर मान हलवून म्हणणार, “जगला. बस खाली.” मंडईत बसणार कुठे, पण ते म्हणायचेच.

माझा शब्द ‘ओव्हरमॉरो’. म्हणजे परवा, उद्याच्या नंतरचा दिवस. मी गृहपाठ कायम परवावर ढकलायची, म्हणून माझ्या गळ्यात तो पडला. त्या दिवशी सर केवढे खूश होते! “बघा, इंग्रजांचा परवा हरवला,” टेबलावर थाप मारत म्हणाले. “आता त्यांना ‘उद्याच्या नंतरचा दिवस’ असं लांबण लावावं लागतं. आपल्याकडे परवा आहे, वर तेरवाही आहे. श्रीमंत कोण?” आम्ही ओरडलो, “आपण!” आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीच्या तासाला आम्हाला श्रीमंत वाटलं.

आमच्यातल्या दिसायला सगळ्यात देखण्या पोराला ‘स्नाउटफेअर’ मिळाला होता, म्हणजे देखणाच. पठ्ठ्या महिनाभर केसांना पाणी लावून यायचा. ‘ग्रोक’ हा मात्र सरांनी स्वतःकडे ठेवला होता. दुसरा खात असताना आपल्यालाही मिळेल या आशेनं टक लावून बघत राहणं, म्हणजे ग्रोक. शिक्षकांच्या खोलीत गरम वडे आले की सर कोपऱ्यातून जाहीर करत, “मंडळी, मी ग्रोक करतोय हं.” मग न देऊन सांगतात कुणाला!

एकदा तालुक्याचे कुणी साहेब शाळा तपासायला आले. गुरुवारच होता. फळ्याच्या कोपऱ्यात ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ हा आगगाडीएवढा शब्द. साहेबांनी चष्मा वर केला. “हे बोर्डाच्या परीक्षेला आहे का?”

“नाही,” सर म्हणाले.

“मग वेळ कशाला घालवता? मुलांना उपयोगी इंग्रजी शिकवा. इंग्रजी कसं शिकवायचं ते मी सांगतो.” साहेबांनी वीस मिनिटं इंग्रजीतून सांगितलं. त्यांच्या प्रत्येक वाक्यात दोन चुका होत्या, आम्हालाही कळतील अशा. शेवटी त्यांनीच पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. “बाळ, काय अर्थ आहे या शब्दाचा?”

ते बिचारं सरळ मनाचं पोर. खणखणीत म्हणालं, “सर, ज्यातलं काही कळत नाही, त्याच विषयावर बोलत सुटणारा माणूस.”

साहेबांबरोबर आलेल्या मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम. साहेब मात्र खूश! “वा, छान,” म्हणत त्यांनी खिशातली डायरी काढली आणि स्पेलिंग विचारून शब्द उतरवून घेतला. सरांनी खिडकीबाहेर बघत, अगदी हळू म्हटलं, “जगला. बस खाली.” तो दिवस आठवला की मी अजून एकटीच हसते.

हे सगळे शब्द यायचे एका लाल पुस्तकातून. जुन्या, वापरातून गेलेल्या इंग्रजी शब्दांचा तो कोश. सरांचे वडील घाटात रेल्वेच्या रुळावर गँगमन होते आणि आई इथल्याच एका बंगल्यात झाडलोट करायची. बंगलेवाल्यांनी एकदा कपाट रिकामं करून पुस्तकं अंगणात फेकली, तेव्हा आईनं पोराला रंग आवडेल म्हणून लाल पुस्तक उचलून आणलं. “आईला वाचता येत नव्हतं,” सर सांगायचे. “पण टाकलेलं काय उचलावं, ते तिला बरोबर कळायचं.” मी एकदा विचारलं होतं, की सर, जिवंत शब्द काय कमी आहेत, मेलेल्यांना कशाला कवटाळायचं? तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हणाले, “जिवंतांना सांभाळायला अख्खं जग आहे. एखाद्याला बाजूला टाकलं की त्याला कसं वाटतं, ते आमच्या घराला विचार.” त्यांच्या आजोबांच्या काळातलं काही त्यात होतं, एवढं मला कळलं. पुढे मी विचारलं नाही.

लोणावळ्याचा पावसाळा तुम्हाला ठाऊकच असेल. चार महिने भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, उशीला ओला वास. पुस्तक दमटू नये म्हणून सर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. त्यामुळे गुरुवारी कोश उघडला की पहिल्या तीन बाकांना इंद्रायणी तांदळाचा वास यायचा. मला अजूनही भात शिजायला लागला की इंग्रजीचा तास आठवतो.

आता सुनंदाचं सांगायला हवं. इतका वेळ टाळत होते.

सुनंदा जवळच्या औंढे गावची. रोज तिथून चालत शाळेत यायची. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही. पावसाळ्यातला एक गुरुवार होता. कोपऱ्यात शब्द होता ‘फ्रिम’. सरांनी अर्थ सांगितला, “काम करत असल्याचं नुसतं सोंग करणारा.” आणि नजर फिरवली. सुनंदानं चेहऱ्यापुढे पुस्तक धरलं होतं. उलटं. पुस्तकाच्या मागे तिचे डोळे मिटलेले.

“घ्या, मिळालं गिऱ्हाईक!” सर म्हणाले. “सुनंदा, उभी राहा. तुझा शब्द काय?”

ती दचकून उठली. “फ्रिम.”

“म्हणजे?”

“काम करायचं सोंग करनारी,” ती म्हणाली. वर्ग फुटला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, माझा बाक तिच्या पुढेच होता. “जगला,” सर म्हणाले, आणि तेवढ्यात घंटा झाली. ‘बस खाली’ म्हणायचं राहून गेलं. सर निघून गेले आणि सुनंदा पुढचा तास सुरू होईपर्यंत तशीच उभी. आम्हाला त्याचंही हसू.

त्या दिवसापासून ती फ्रिम झाली. ‘फ्रिम आली’, ‘फ्रिमची वही बघा’. आम्ही चांगल्या घरच्या, शहाण्या मुलींनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. नववीनंतर ती शाळेत दिसली नाही. कुणी विचारलंही नाही.

यानंतर मध्ये पुष्कळ वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मी त्यांच्या जागी लागले. लागले त्या दिवशी त्यांनी तो लाल कोश पिशवीसकट माझ्या हातात दिला. “डोळे अधू झाले माझे. आता तू सांभाळ.” मला रडूच आलं.

कोश फार जीर्ण झाला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की पानापानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. एकशे सतराव्या पानावर आले. सगळ्यात खाली शब्द होता ‘फ्रिम’, अर्थ पुढच्या पानावर. पान उलटलं. वर तोच अर्थ, काम करण्याचं सोंग करणे. पण पानाचा आकडा होता एकशे वीस.

मधली दोन पानं एकमेकांना चिकटली होती. किती पावसाळ्यांपूर्वी, देव जाणे. ज्याला पुस्तक जवळजवळ पाठ आहे, तो माणूस आकडे कशाला बघेल? चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून, बोथट सुरीनं मी ती हळूहळू सोडवली. सोंगाचा अर्थ भलत्याच शब्दाचा होता, ‘फजल’ नावाच्या. तो शब्द एकशे एकोणिसाव्या पानाच्या तळाशी लपला होता. आणि एकशे अठराव्या पानाच्या माथ्यावर फ्रिमचा खरा अर्थ होता. जोमदार. रसरशीत. अंगानं भरून आलेलं, टवटवीत वाढलेलं.

मी ते पान नवऱ्याला दाखवलं, म्हटलं, सरांना सांगायला हवं.

“कशाला सांगतेस त्यांना?” नवरा म्हणाला. “या वयात जिवाला घोर. आणि तो शब्द जगात कुणाला लागणार आहे?” चार दिवस मलाही तेच पटलं. पाचव्या दिवशी गेले.

सर खुर्चीत बसले होते. मी ते पान उघडून कोश त्यांच्या हातात दिला, भिंग दिलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मागचं पान उलटून पाहिलं. भिंग बाजूला ठेवलं. मग विचारलं, “सुनंदा कुठे असते?”

शब्द कुणाला दिला होता, हे त्यांना आठवावं लागलं नाही.

“शोधते, सर,” मी म्हटलं. “उद्या शाळेत पालकसभा आहे, परवा जाऊ आपण.”

“परवा नाही,” सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. “मी एकोणऐंशीचा आहे. तिला चुकीचं देऊन मी मेलो तर? उद्या.”

पालकसभा दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारली. सकाळी सर स्कूटरवर माझ्या मागे बसले, कोश पिशवीत, पिशवी पोटाशी. आधी औंढ्याला गेलो. सुनंदाची वहिनी अंगणात भांडी घासत होती. “ननंद व्हय? ती लोहगडवाडीला दिलीय की. हाटेल हाय तिचं, गडाच्या वाटंला. चांगलं चालतंय.”

मग मळवलीवरून भाजे गावाच्या बाजूनं वर. तो चढ माझ्या स्कूटरला एकटीनंही झेपत नाही. दर वळणावर ती कण्हायची आणि मागून सर म्हणायचे, “मी उतरू का?” एका वळणावर खरंच उतरले आणि पिशवी छातीशी धरून चालत वर आले. धापा टाकत होते. मी रागावले. म्हटलं, “सर, एका शब्दापायी जीव देणार का?” ते रुमालानं चष्मा पुसून मागे बसले.

लोहगडवाडीत टपऱ्यांची रांग आहे. गड चढून-उतरून आलेल्यांसाठी पिठलं-भाकरी, ताक, भजी. विचारत विचारत जायचं होतं, पण विचारावं लागलं नाही. तिसऱ्या टपरीवर पत्र्याची पाटी होती, निळ्या रंगानं रंगवलेली. ‘हॉटेल फ्रिम’.

सर पाटीखाली थबकले.

चुलीपाशी पदर खोचून, भरल्या अंगाची एक बाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं. “या, बसा. पिठलं गरम हाय.” मग डोळे बारीक केले. “सर? वाघमारे सर न्हवं? अगं बाई!” पिठाच्या हातांनीच ती सरांच्या पाया पडली. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. ओळखल्यावर नुसती हसली.

“ही पाटी...” सर म्हणाले.

“माझा शब्द की, सर! तुमी दिलेला.” तिनं पदराला हात पुसले. “गिऱ्हाइकं इचारत्यात, मावशी, फ्रिम म्हंजी काय? मी सांगती, काम करायचं सोंग करनारी. लय हसत्यात. हसली की बसत्यात, बसली की खात्यात.”

सरांनी पिशवीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना, मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. कोश काढला, पान उघडलं आणि ते उभे राहिले. पाठ म्हणायला उठलेल्या विद्यार्थ्यासारखे, अगदी ताठ.

“सुनंदा, मी तुला चुकीचा अर्थ दिला. पानं चिकटली होती, पण ते कारण सांगत नाही. आकडा बघायचं काम माझं होतं. फ्रिमचा तो अर्थ नाहीच. फ्रिम म्हणजे जोमदार. रसानं भरलेलं. जोमानं वाढलेलं.”

ती ऐकत होती. “म्हंजी लावणी झाल्यावर पंधरा दिसांनी भात कसं हिरवंगार उभं ऱ्हातंय, तसं?”

“अगदी तसं.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती उलटली, बाजूला काढली, जाळ मागे ओढला. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, “सर, त्या दिवशी मी सोंग करत न्हवते. आई आजारी व्हती. अंधारापास्नं चिखलात लावणी करून शाळंला आलते. डोळंच उघडत न्हवतं.”

“तू सांगितलं का नाहीस तेव्हा?”

“तुमी इचारलंच न्हाई.”

यात राग नव्हता, रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. हसण्यात पहिला नंबर माझा होता, आणि इतकी वर्षं मी ते विसरूनही गेले होते.

“मग हे नाव का लावलंस टपरीला?” सरांनी विचारलं. “इतकं लागलं होतं तर टाकून द्यायचास तो शब्द.”

“तुमीच म्हनला व्हता की, जलमभर सांबाळायचा. परत द्यायचा न्हाई.” सुनंदा म्हणाली. “आन् टाकून कसा देनार, सर? मला शाळेतनं दुसरं काय मिळालं व्हतं?”

सरांनी चष्मा काढला. मी त्यांना आयुष्यात एकदाच रडताना पाहिलं, ते तिथं. हात जोडून ते म्हणाले, “माझं चुकलं, पोरी. मला माफ कर.” आणि सुनंदा “आवो, सर, असं काय करताय,” म्हणत त्यांचे जोडलेले हात आपल्या पिठाळ हातांनी सोडवत राहिली. दोघांचे हात पांढरे झाले होते. सरांनी ते पुसले नाहीत.

त्यांच्या घरी त्यानंतर मी अनेकदा गेले. शेवटी शेवटी दवाखान्यातही गेले. पण ते दिवस मला आठवत नाहीत, म्हणजे आठवावेसे वाटत नाहीत. माझ्यापुरते सर मी शेवटचे पाहिले ते त्या टपरीत, त्यानंतरच्या पाचेक मिनिटांत.

गडावरून उतरलेली कॉलेजची चार-पाच पोरं घामाघूम होऊन बाकड्यांवर आदळली. त्यातल्या एकीनं पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, “मावशी, फ्रिम म्हणजे काय हो?”

सुनंदाचा हात परातीतच थांबला. तिनं सरांकडे पाहिलं. सर नुसते मान जराशी तिरकी करून थांबले, गुरुवारी थांबायचे तसे. तिनं हात झटकले, पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली.

“फ्रिम,” ती म्हणाली, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं. “म्हंजी जोमदार. लावणीनंतर भात उभं ऱ्हातंय तसं. रसानं भरल्यालं.” आणि मग, छातीवर बोट ठेवून, “म्हंजी मी.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. का, ते त्यांना काय कळणार!

“जगला,” सर म्हणाले.

ती उभीच होती. भाकरीचा गोळा परातीत तसाच, पोरं पाण्याचा जग मागत होती, तरी ती सरांकडे बघत उभी होती. एक क्षण मला कळेना. मग सरांना कळलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

“बस खाली, सुनंदा.”

आणि ती बसली.